क्षमता : आठ माणसं

नेवझातने नोकरी सोडली त्या दिवशी
आमच्याकडे एकशे बारा लिफ्ट तपासायच्या बाकी होत्या.
हे आधीच सांगते, कारण त्यातल्या त्र्याऐंशी
मी एकटीने तपासल्या पुढे,
आणि त्याच्याविषयी जे काही बोलेन
त्यात जिने चढल्याचा दम असणारच.

एस्किशेहिर, फेब्रुवारी, रस्त्यावर राखाडी बर्फ.
त्याने टेबलावर टॉर्च ठेवला, पट्टी, किल्ल्यांचा जुडगा,
आणि चार रंगांच्या चिकटपट्ट्यांचा डबा :
हिरवी, निळी, पिवळी, लाल.
लाल लावली की लोक शिव्या देतात,
सातव्या मजल्यावरची म्हातारी सगळ्यात आधी.
अठरा वर्षं त्याने त्या मुकाट ऐकल्या.

‘नाटकं पुरे झाली,’ म्हणाले फेरुह बे
आणि स्वतःच ओशाळले.
मी विचारलं, पडलास तर?
‘मग पडलो,’ म्हणाला.
त्रेचाळीस वर्षांचा माणूस, गुडघा दुखरा,
चहात तीन खडीसाखरा बुडवणारा.

इस्तंबूलमध्ये उस्कुदारला एक खोली,
तिघांत मिळून एक इस्त्री.
पहिल्या वर्षी तो टीव्हीवर दिसला तो पाठमोरा,
कुणाच्या तरी जनाझ्यात, तिसऱ्या रांगेत.
मग वेटर. मग चादरीखालचं प्रेत.
प्रेताला पैसे कमी, त्याने फोनवर सांगितलं,
संवाद नसतो ना,
पण श्वास मात्र आपल्यालाच रोखावा लागतो.
मी हसले. फोन ठेवल्यावर
बराच वेळ त्याच्या रिकाम्या खुर्चीचं चाक
पायाने फिरवत राहिले.

हेवा होता का? होता.
शेवग्याच्या शेंगेसारखा, चावून चोथा करून
ताटाच्या कडेला ठेवावा असा.

मग मंगळवारची ती मालिका.
श्रीमंत घराण्याचा हिशेबनीस, ज्याला सगळं ठाऊक आहे.
नवव्या भागात तो लिफ्टमध्ये शिरतो,
मागून दोन माणसं शिरतात.
एवढंच. त्याने घाबरायचं.

नेवझात शिरला, आणि आधी वर पाहिलं.
छताकडे नाही, दाराच्या चौकटीवर, उजवीकडे,
जिथे पट्टी असते.
तारीख शोधली त्याने.
मग ओठ किंचित हलले : क्षमता आठ माणसं, सहाशे तीस किलो.
मग त्या दोघांकडे पाहिलं, वजन केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, काय डोळे, काय भीती!
मला एकटीला माहीत होतं
की ही भीती नव्हे, ही सवय.
विचारलं तर म्हणाला, पटकथेत नव्हतं ते,
नजर आपली गेली, दिग्दर्शकाने राहू दिलं.
आणि ती लिफ्ट?
प्लायवुडची. खाली खड्डा नाही, वर दोर नाही,
दार दोन पोरं हाताने ओढतात.

पण मी पाहिलं होतं.
दार मिटलं तेव्हा त्याचे गुडघे वाकले जरासे,
एक दुखरा, एक बरा,
जसे खरोखर वर जाताना वाकतात.
आणि माझ्या सोफ्यावर, चहाचा पेला हातात,
माझ्याही पोटात गोळा आला.

चौदाव्या भागात त्याला मारलं.
पुढे काम मिळालं का? कधी मिळतं, कधी नाही.
अजून कुठे काही ठरलेलं नाही.

परवा त्याच्या आईच्या इमारतीत गेले होते तपासणीला.
मुनिरे हानिमनी दार उघडलं, आत टीव्ही मोठ्याने चालू.
‘घरी कधी इतका गप्प नसायचा,’ म्हणाल्या,
जुनाच भाग पुन्हा लागला होता.
मग हळूच : ‘लिफ्टचं काय?’
ब्रेक झिजलेला. दोराचे चार धागे तुटलेले.
त्या माझ्याकडे पाहत राहिल्या,
गुडघ्यावर हात, पाचवा मजला.

मी लालच लावली.
आणि उतरताना, जिन्यावर,
दोन शिव्या स्पष्ट ऐकल्या.