आवाज काढून दाखव

मणेराजुरीहून तासगावला बारा पोरं,
सकाळी पावणेसात, डिसेंबर.
बागांतून ब्लोअर घोंघावत असतात,
काच लावली तरी औषधाचा वास आत येतो.
त्या सगळ्यातही तो ऐकू यायचा,
पुढून, डावीकडून, पायाखालून.
गतिरोधकावर चाक चढताना एकदा,
उतरताना जरा लांबवून.

पोरांनी त्याला नावं ठेवली.
कुणी म्हणे बदक,
कुणी म्हणे हेडसरांची खुर्ची.
मी म्हणायचे, गप बसा, काही नाही,
आणि रात्री हिशेबाच्या वहीत
व्हॅनच्या हप्त्याखाली एक ओळ रिकामी सोडायचे.

बाबालाल मिस्त्रीचं गॅरेज
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसमोर.
भर दुपारी गेले तर गाडी एक शब्द बोलेना.
मोसीन पुढच्या बंपरवर उभा राहून झोके घेत बसला.
मिस्त्रीनं चाक उचललं, वर-खाली हलवलं.
बॉल जॉइंट घट्ट.
स्प्रिंगवर पंजा ठेवून म्हणाला, स्टेअरिंग फिरवा.
फिरवलं. तिथंही काही नाही.
"माझ्याम्होरं शहाणी झालीया.
सकाळच्या थंडीत आणा."
सकाळी बारा पोरं असतात हो.
"मग आवाज कसा हाय त्यो तरी सांगा."
कुरकुर, म्हटलं.
"कुरकुर म्हंजे? कोरडी का ओली?
लोखंडाची का रबराची?"

चार महिने रोज ऐकत होते,
पण तोंडात यायला तयार नव्हता तो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
पार्श्व चौगुलेला नेलं, इयत्ता पाचवी ब.
मधल्या सीटवर गुडघे टेकून उलटा बसणारा,
ज्याच्या वहीत बाईंनी लाल शाईनं
'वर्गात आवाज काढतो' असं लिहून
पालकांची सही मागितलीय.
सही अजून झालेली नाही.
त्याच्या आईला फोनवर सांगताना
मला नीट कारण सांगता आलं नाही.

मिस्त्रीचा उजवा कान ग्राइंडरनं खाल्लेला.
डावा पुढं करून तो टायरवर बसला.
"हं. काढ."

पार्श्वनं आधी थुंकी गिळली.
मग घशाच्या पार मागून, दात न उघडता,
क्र्यँऽऽऽक.
मोसीन हसला. मिस्त्री हसला नाही.
"वळणावर?"
"वळणावर नसतो."
"ब्रेक दाबल्यावर?"
टक. जिभेनं, छोटासा.
(हा मी कधी ऐकलाच नव्हता.)
"चढताना जास्त का उतरताना?"
त्यानं दोन्ही काढून दाखवले
आणि मधे थांबला नेमका तेवढाच,
जेवढं चाक माथ्यावर थांबतं.

मिस्त्री उठला, गाडीखाली सरकला.
पहार अडकवून लोअर आर्मवर अंग टाकलं,
आणि खालून पार्श्व बोलला.
पार्श्व तर माझ्या शेजारी उभा होता.
झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून
बुशवर साबणाचं पाणी मारलं. पुन्हा दाबलं.
गप.
"घावला," मिस्त्री खालूनच म्हणाला.

बुश साडेअकराशे, प्रेसवाल्याचे दीडशे वेगळे.
जुन्याच्या रबराला भेगा पडलेल्या,
उन्हाळ्यात माझ्या टाचांना पडतात तशा.
पार्श्वनं तो मागून घेतला
आणि कंपासपेटीत बसेना म्हणून डब्यात घातला.

सोमवारी डेअरीसमोरच्या गतिरोधकाला
बाराही जण पुढं झुकले.
चाक चढलं.
उतरलं.
इतकं रिकामं वाटलं
की कुणाला तरी घरीच विसरले असं वाटून
मी आरशात पोरं मोजली.
बारा.

मग मधल्या सीटवरून आला, क्र्यँऽऽऽक.
पुढच्या गतिरोधकावर सगळ्यांच्या घशांतून,
काहींचा अजूनही बदकच.

गप बसा, म्हटलं,
पण आता खरंच काही वाजलं
तर मला कळायचं कसं?

काल कॅनॉलच्या पुलावर
उजवीकडून काहीतरी बारीक आलं.
आरशात बघितलं.
पार्श्व दप्तरावर डोकं टेकून झोपला होता.