इतिवृत्त

सभागृहात एकोणीस खुर्च्या आणि एक बाकडं.
बाकड्यावर बोर्गहिल, मिक्काल
आणि दर वेळी बदलणारं एखादं तिसरं पोर.
आठव्या कलमाखालचा नियम मीच टंकला होता:
युवा मंडळाला मत मांडता येईल,
मत देता येणार नाही.
शब्द एकच. पहिल्याला तोंड लागतं,
दुसऱ्याला नुसता हात.

लिंगवेय नकाशात शोधू नका, घडीवर येतं.
इथे नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारीत उगवतो
आणि रात्रीची शेवटची बोट नऊ चाळीसला सुटते.
तीच बंद करायची होती. विषय क्रमांक सहा.
पाचव्या विषयावर,
कचऱ्याच्या डब्यांच्या रंगावर,
पन्नास मिनिटं गेली होती.

आस्गेइर, आमचा महापौर, माणूस वाईट नाही.
घड्याळाकडे बघून म्हणाला,
"मुलांचंही ऐकू या. तीन मिनिटं."
ताटात तोंडी लावायला
खारवलेल्या मासळीचा तुकडा असतो, तसं.

बोर्गहिल उठली. वय पंधरा,
रेनकोटची चेन अर्ध्यावर अडकलेली,
हातात आमचाच अहवाल, कुणाची तरी कॉफी सांडलेला.
"पान चौदा," म्हणाली.
पानं चाळल्याचा आवाज झाला.
काहींनी अहवाल आणलाच नव्हता,
त्यांनी शेजाऱ्याच्या अहवालात मान घातली.
"इथे लिहिलंय, प्रवाशांशी चर्चा करण्यात आली.
कुणी केली?
बोटीत आम्ही असतो.
सोमवारी बँडची तालीम संपवून सहा जण,
मंगळवारी दातांच्या तारा आवळून घेतलेला मिक्काल,
गुरुवारी अकरा जण, शिवाय ओडवार आजोबा,
ते झोपलेले असतात.
माझ्याशी कुणी बोललं नाही.
ओडवार आजोबांशी बोलला असाल तर सांगा."

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.
ते वाक्य माझं होतं.
मार्चमधल्या एका दुपारी, घरी जायच्या घाईत लिहिलेलं.
बावीस वर्षं मी असली वाक्यं लिहिते आहे.
त्यांत कर्म असतं, क्रियापद असतं,
आणि कर्ता कोट चढवून
मागच्या दाराने निघून गेलेला असतो.
निर्णय घेण्यात आला.
शाळा हलवण्यात आली.
सूचनेची दखल घेण्यात आली.

अजून दीड मिनिट उरलं होतं.
मिक्कालने बसल्या जागेवरूनच विचारलं,
"बोट नसली तर तालीम सोडायची, की बेट?"
आणि कान लालबुंद करून
स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मतदान झालं. दहा विरुद्ध नऊ.
बोट गेली, शुक्रवारची तेवढी राहिली.
नऊ हात मी दोनदा मोजले.
शाळेच्या वेळी ते चार होते.

रात्री लिहायला बसले.
आमच्याकडे पद्धत अशी, की ज्यांना मत नाही
त्यांचं बोलणं एका ओळीत आटपायचं:
'युवा मंडळाने भावना व्यक्त केल्या.'
भावना?
पान क्रमांक, वार, डोकी मोजून मांडलेला हिशेब,
त्याला भावना म्हणायचं?
ओळ खोडली.
लिहिलं: बोर्गहिल म्हणाली. मिक्कालने विचारलं.
त्याखाली, चहा गार होईपर्यंत थांबून:
पान चौदावरचं वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं.
मी कुणाशीही बोलले नव्हते.
आणि सही केली.
आता हे पुढच्या सभेत मंजूर होतं का बघायचं.
आस्गेइरचा दोनदा फोन येऊन गेलाय.

सोमवारी ती कार्यालयात आली.
प्रत मागितली, काउंटरशी उभ्यानेच वाचली,
रेनकोटमधून फरशीवर पाणी ठिबकत होतं.
मला वाटलं, काहीतरी म्हणेल.
"नावात चूक आहे," म्हणाली.
"शेवटी एक ड राहिला.
ऐकू येत नाही तो, पण असतो."

मी पेन तिच्याकडे सरकवलं.