हंडा

ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केलं तसा हंडा गेला.
उरला पांढरा आकार, भोवती काळं,
आणि काळ्यात माझ्या हातून सुटलेले ठिपके,
तव्यावर सांडलेल्या पिठासारखे.
तीन पिक्सेलचा ब्रश घेऊन एकेक टिपला.

तांबट लेनमधून आलेला मुलगा शेजारी बसलाय, चहा गार करत.
"ठोके दिसू नयेत, मॅडम. मशीनचा वाटला पाहिजे."
वरचा लेयर गुळगुळीत, खालचा त्याच्या वडलांचा.
पांढरं तिथं वरचा दिसतो, काळं तिथं खालचा;
पुसलं कुणीच जात नाही,
हे त्याला दोनदा सांगून झालं.

गळ्याशी मी अठरा टक्के काळा फिरवते.
ठोके येतात, नीट बघितलं तरच.

मग पोटाच्या वळणावर थांबते.
फोटो काढताना तिथं उमटलं होतं दुकानाचं दार,
दारात त्र्यंबकदादा, हातोडी मांडीवर,
ठकठक बंद ठेवून बसलेले, माझं होईपर्यंत.
तेवढ्याच जागी पूर्ण काळा. मोहरीएवढा.

"हा डाग कसला?"
उजेडाचा, म्हटलं,
आणि सेव्ह केलं.