बादली वर आली तर

तृतीय सोपानची सतरा कार्डं टेबलावर,
आणि तालुक्याहून फोन : उद्या दुपारपर्यंत पाठवा.
चहा गार व्हायच्या आत मी सतरा सह्या केल्या.
सोळाव्यापर्यंत अक्षर माझं राहिलं,
सतरावी सही कुणाचीही वाटली असती.

त्यात लंकेश उईके होता,
ज्याला शाळेत यायच्या आधीच
वासरांनी गाठी शिकवल्या होत्या.
त्यात सभापतींचा पुतण्या सुयोग,
गणवेशाला इस्त्री इतकी कडक
की खाली बसताना आवाज यायचा.
दोघांच्या कार्डावर एकच शेरा : समाधानकारक.

शनिवारी झेंडा उतरला, मैदान रिकामं झालं,
तरी प्रफुल बोरकुटे थांबला.
स्कार्फची घडी हातात.
'सर, माही बोलाइन सुटली होती.
तुमी तवा बाहेर फोनवर होते.
मले पास नोका करू.'
मी म्हणालो, अरे, बाकी सगळं येतं ना तुला,
आणि चार महिने वीटभट्टीवर गेले तुझे,
तेवढं तर समजून घ्यावंच लागतं...
तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला,
'थे पुस्तकात लिवलं हाये का सर?'

नव्हतं लिहिलं.
पुस्तकात गाठ होती, आकृती क्रमांक सहा.
माझ्या दयेला क्रमांक नव्हता.

त्या रात्री सायकलच्या कॅरिअरचा दोर सोडला
आणि दिव्याखाली बसलो.
ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो,
पुन्हा बिळात जातो.
नऊ वर्षं मी हेच शिकवतो आहे.
माझा ससा झाडामागेच राहिला.
दुसऱ्यांदा. पाचव्यांदा.
बायको आतून म्हणाली,
'एवढ्या राती कोनती म्हैस बांधून राह्यले?'

सोमवारी कार्डं फाडली वगैरे नाहीत.
प्रत्येक सहीवर एक रेघ ओढली, बाजूला तारीख घातली.
तालुक्याचे साहेब हसले फोनवर,
'सगळीकडं असंच चालून राह्यलं गुरुजी,
तुमालेच कायले आलं हे?'
मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवला.

मग विहिरीवर भांडण, दोराचंच.
लंकेश म्हणे, हा नायलॉन गाठ धरत नाही,
अंबाडीचा आणा.
सुयोग म्हणे, अंबाडी मी कधी हातातच धरली नाही.
दोघंही खरं बोलत होते.
खरं बोलणारी दोन माणसं समोर असली
की न्याय करणं फार अवघड जातं.
शेवटी दोन्ही दोर काठावर ठेवले,
गुरुवारपर्यंत ज्याला हवा तेवढा सराव,
कितव्यांदा जमलं ते लिहायचं नाही,
कुणाचा मुलगा ते विचारायचं नाही.
बादली काठोकाठ भरायची. दोन्ही दोरांनी.
वर आली तर पास.

पहिली गाठ मी मारली, सगळ्यांसमोर.
बादली आली, पण माझी पाठ घामानं भिजली,
बाहेर तुरीवर थंडी असताना.

सुयोगचे हात थरथरत होते. त्याची आली.
लंकेशची अंबाडीवर आली,
नायलॉनवर अर्ध्यात सटकली आणि धप्प.
कुणी हसलं नाही.
तो स्वतःच गळ घेऊन आला,
पाऊण तास विहिरीत बघत बसला,
बादली काढली, म्हणाला, 'पुढच्या गुरवारी.'

प्रफुल सगळ्यात शेवटी.
गाठ मारली, ओढून पाहिली,
सोडली, पुन्हा मारली.
रहाट कुरकुरला दोनदा.
पाणी काठाशी आलं, हिंदकळलं,
त्याच्या चपलांवर सांडलं.
माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.
पाहत होता गाठीकडे,
एवढा भार पेलूनही
बोटाच्या एका दाबानं मोकळी होणाऱ्या.

दोर गुंडाळून
त्यानं खुंटीला लावला.
मी खिशात पेन शोधत होतो.