आउस

सातपूरच्या कारखान्यात एक जर्मन ग्राइंडर होता,
हिरवा, आमच्या स्वयंपाकघराएवढा.
बाबांनी त्याच्यावर सव्वीस वर्षं काढली.
त्याच्या बटणांवरून ते दोन शब्द शिकले
आणि मला बालवाडीतच शिकवले:
आइन म्हणजे चालू, आउस म्हणजे बंद.
मग घरातला पंखासुद्धा आम्ही
आइन करायचो, आउस करायचो.
आई म्हणायची, कुकरची शिट्टी तेवढी मराठीत राहू द्या.

म्हणून सहा आठवड्यांच्या त्या उन्हाळी वर्गात
पहिल्याच दिवशी फळ्यावरचं वाक्य वाचताना
मी अडखळले.
इख कोमे आउस,
आणि पुढे प्रत्येकाने आपापलं गाव घालायचं.
इख कोमे आउस नाशिक.
मी नाशिकहून आले.
मी आले, आणि नाशिक बंद.

झेर गुट, युइली, म्हणाले हेर ब्रुगमान.
जुईची त्यांच्या जिभेवर युई व्हायची,
वाघचौरेचं काय व्हायचं ते विचारूच नका.

घरमालकीण फ्राउ केसलर.
तिला आईने दिलेला दोन किलो चिवडा दिला.
सकाळी बघते तर वाडग्यात चिवडा, वर थंड दूध,
आणि ती तळलेला कांदा चमच्याने बाजूला काढतेय,
अगदी मन लावून.

खोलीच्या खालून नेकार वाहायचा.
हो, वाहायचा. तिथे नदीही तो असू शकते.
मुलगी मात्र ते.
पोलंडची आग्नियेश्का यावर वर्गात चिडली होती.
मला नाही राग आला.
आमच्याकडेही परगावी गेलेलं लेकरू तेच असतं,
पोचलं का ते, जेवलं का ते.

रात्री साडेनऊला खिडकीत ऊन,
तेव्हा नाशकात एक वाजलेला.
बाबा पहिल्याच रिंगला फोन उचलायचे,
तिसऱ्या पाळीची सवय.
साडेतीन तास मागे आहे मी, म्हटलं एकदा.
मागून आई, झोपेतच:
साडेतीन ना, मग चांगलंच आहे,
त्यातलं अर्धं आपल्या वणीचं.

ग्राइंडरच्या पितळी पाटीवर एक गाव होतं.
शेवटची दोन अक्षरं हाताने पुसून पुसून गेलेली,
ती मी नकाशात शोधून लावली.
एका रविवारी दोन गाड्या बदलून गेले.
चिमणी तेवढी ठेवली होती.
खाली व्यायामशाळा, शेजारी
कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान, तेही बंद.
काठी टेकत जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं.
त्याने तळहात हवेत आडवा फिरवला:
आउस. कधीचंच.

फोटो काढला आणि पाठवला नाही.
बाबांना म्हटलं, रविवार होता ना, बंद होतं.
यात खोटं काहीच नव्हतं.

परत आले तेव्हा ऑगस्ट संपत होता,
गंगेला पूर.
सगळं नाशिक जातं तसे आम्हीही गेलो बघायला,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं.
माझ्या शेजारी कुणीतरी मोबाइलवर मावशीला दाखवत होतं.
बाबा पाण्याकडे बघतच म्हणाले,
तो ग्राइंडर गेला.
जुलैमध्ये. भंगारवाल्याने वजनावर नेला,
क्रेन लावावी लागली.

फोनवर का नाही सांगितलंत?
तुझी परीक्षा होती.

मग बराच वेळ आम्ही नुसते उभे राहिलो.
एक अख्खं केळीचं झाड वाहत गेलं, घडासकट.
ते गाव मोठं आहे का गं, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, चिमणी अजून आहे.
त्यांनी तिची उंची विचारली.
मी सांगितली, अंदाजाने,
होती त्यापेक्षा थोडी जास्त.