इतर

रे रोडच्या बर्फ कारखान्यात मी लागले तेव्हा
महिन्याला चाळीस पानांचा रिपोर्ट निघायचा,
स्पायरल बांधलेला.
भरुचाशेठ तो मागून उघडायचे,
एकूण बघायचे, "ठीक छे" म्हणायचे
आणि वर चहाचा कप ठेवायचे.
शेवटच्या पानावर एक वर्तुळ:
भाऊचा धक्का निळा, हॉटेलं हिरवी, रसवंत्या पिवळ्या,
आणि एक बारीक करडी फाक. इतर.

विचारलं तेवढंच सांगायची ती पानं.
उलट प्रश्न केला की गप्प.

मी तीन महिने खपून
प्रत्येक खेपेचा एक ठिपका केला.
आडवी वेळ, उभे रुपये.
बोट सरकवलं की रात्र सरकते:
दोनला धक्क्यावर मोहोळ उठतं,
चारला विरळ होतं,
सहाला ससून डॉककडे एक शेपूट निघतं.
शेठ खुर्ची ओढून पुढे बसले.
"माघारी ने. हां. मंगळवारच दाखव.
आता फक्त लालबाग."
चहा निवला, साय धरली,
कप ठेवायला आज कागद नव्हता.

मग त्यांनी करड्या फाकेवर टिचकी मारली.

ती उघडली.
अगदी तळाशी, शून्याच्या रेघेला चिकटून
ठिपकेच ठिपके.
"हे काय? वितळलेला माल? चोरी?"
म्हटलं, डेटा साफ करायचा राहिलाय, गाळते.
बोट फिल्टरवर होतंच.

"थांबा बाई."
मुळ्ये. छत्तीस वर्षं चलनं लिहिणारे.
चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकवलं.
घोडपदेव, दोन लाद्या, पहाटे ३.१०, रुपये ०.००
"हे पेडणेकर. मुलगा मस्कतहून यायचा होता."
दुसरा ठिपका.
"शिवडी कोळीवाडा. आयव्याची आई. लेकीची वाट बघत ठेवलेली."
तिसरा.
"एकच लादी." मग जरा वेळाने,
"लहान होतं."

मयताच्या बर्फाचं बिल करायचं नाही,
मोठ्या शेठनी सांगितलेलं, तोंडी.
तोंडीला रकाना नव्हता
म्हणून शून्य.

शेठ स्लायडर डावीकडे नेत राहिले,
डेटा सुरू होतो तिथवर,
मग त्याच्याही आधी,
वडिलांच्या काळात, जिथे नुसती रेघ आहे.
परत आले. "मेमध्ये जास्त का?"
मला वाटलं, उन्हाळा.
मुळ्ये म्हणाले, "मेमध्ये घरची माणसं गावी असतात.
थांबावं लागतं."

फिल्टर लावला नाही.
एक रकाना वाढवला, शेरा.
दुपारी डबा धुऊन मुळ्ये येतात,
एका बोटाने टाइप करतात,
वेलांटी चुकते, खोडतात, पुन्हा करतात.
एकोणीस झाले.
चारशे बारा उरलेत,
आणि काल रात्री, दारूखान्यात,
आणखी एक.