पान १४३

हाप्सालूच्या वाचनालयात गुरुवारी दुपारी
म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायचं काम माझ्याकडे.
बहुतेकांना नातवंडांचे फोटो मोठे करून हवे असतात.
लेइदा रांदमा कादंबरी घेऊन आली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेल्या पेन ड्राइव्हमधून.

एकतीस प्रकरणं. चारशे सहा पानं.
सुरुवातीला अनुक्रमणिका, हाताने केलेली:
प्रकरणाचं नाव, मग टिंब, टिंब, टिंब, टिंब,
एका बोटाने एकेक दाबलेलं,
थेट उजव्या काठापर्यंत, आणि तिथे आकडा.
एकही आकडा दुसऱ्याच्या खाली नीट बसेना.
गोठलेल्या खाडीवर पाय घसरलेल्या माणसांसारखे
कुणी पुढे, कुणी मागे.

"चौथ्या प्रकरणात एक ओळ घातली
की पुढच्या सगळ्यांची पानं चुकतात," ती म्हणाली.
"मग मी पुन्हा मोजत बसते.
सवय आहे मोजायची. रोहुकुलाच्या धक्क्यावर
बत्तीस वर्षं बोटीची तिकिटं विकली."

मी म्हणालो, ही टिंबं पुसू या.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी जणू विणलेला स्वेटर उसवायला सांगतोय.
"सगळी?"
सगळी. यंत्र आपलं आपण घालतं.
"मग दोन हिवाळे मी काय करत होते?"
याचं उत्तर कुठल्याच मेनूत नव्हतं.

तर मी दाखवलं: नावावर जा, ते निवडा,
आणि त्याला सांगा की तू शीर्षक आहेस.
नुसतं ठळक करून भागत नाही, मोठं करूनही नाही.
अक्षर कितीही फुगलं तरी यंत्राच्या लेखी तो मजकूरच,
कुणी हुद्दा देईपर्यंत.
"आमच्या बंदरात होता असा एक," ती म्हणाली,
"टोपी कप्तानाची, पगार खलाशाचा."

एकतीस वेळा तिने हुद्दे वाटले.
तोवर साडेतीन वाजले, अंधार पडला,
गाडी न येणाऱ्या आमच्या स्टेशनाचा
लांबच लांब फलाट त्यात बुडाला असणार.
मग ती एक कळ.
नावं डावीकडे, आकडे उजवीकडे एका रेषेत,
मधे टिंबं, सारख्या अंतरावर,
रूळ उचलून नेल्यावर मागे राहिलेल्या स्लीपरांसारखी.
बोट स्क्रीनवर टेकवून ती मोजू लागली.
"बत्तीस," ती म्हणाली.

अकरा आणि बाराच्या मधे एक ओळ घुसली होती.
प्रकरणाचं नाव नव्हे. अख्खं वाक्य, पूर्णविरामासकट:

मी एकेरी तिकीट दिलं आणि सुटे पैसे मोजून परत केले. . . . . . . १४३

माऊस घसरला असेल, मी म्हणालो, होतं असं,
चुकून भलत्याच ओळीला हुद्दा मिळतो.
कुणाला दिलं ते वाक्यात नव्हतं.
लेइदाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"काढ ते."
मी हुद्दा काढला. वाक्य खाली उतरून
मजकुरात मिसळलं, कुठे होतं तेही दिसेना.
पुन्हा कळ. एकतीस.
ती आभार मानून गेली, मोजा टेबलावरच विसरली.

पुढच्या गुरुवारी आली तेव्हा
पेन ड्राइव्ह नुसताच खिशात होता.
फाइल उघडली. बत्तीस ओळी.
वाक्य आपल्या जागी, ठळक, रीतसर शीर्षक.
म्हणजे शिकली होती; माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा पक्कं.

फक्त आकडा १४३ नव्हता. १४४.
त्याच्या आधी कुठेतरी तिने काही वाढवलं होतं,
आणि पुढचे सगळे आकडे निमूटपणे
एकेक पाऊल सरकून उभे होते.
काय वाढवलं, ते मी शोधलं नाही.

कोट न काढताच ती म्हणाली, "छापून दे."
चारशे सात पानांचे पैसे
तिने काउंटरवर ठेवले, सुटे,
सेंट न् सेंट मोजून.
मीही मोजून घेतले. तिला ते बरं वाटलं असावं.